चित्रपटातील दृश्य रेखाटावे कसे आणि त्याविषयी लिहावे कसे

चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर आपण बहुतेक वेळा कथेविषयी, अभिनयाविषयी आणि शेवट पटला की नाही याविषयी बोलतो. पडद्यावर जेमतेम तीन-चार सेकंद टिकलेल्या एखाद्या चौकटीविषयी, म्हणजे फ्रेमविषयी, मात्र सहसा कोणी बोलत नाही, कारण ती पाहिली असली तरी नीट निरखलेली नसते. तीच चौकट पेन्सिलीने कागदावर उतरवायला बसले की क्षितिज किती खाली ठेवले आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो आहे आणि माणसाभोवती किती जागा मोकळी सोडली आहे, हे प्रश्न टाळताच येत नाहीत. म्हणून या लेखात सुचवलेला क्रम एकच आहे: आधी रेखाटावे, मग लिहावे, आणि रेखाटताना जे हाती लागले त्याच्याच आधाराने लिहावे.

खुद्द चित्रपट करणाऱ्यांनी हे काम उलट्या दिशेने केले आहे. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर चित्रीकरणापूर्वी पात्रे, वेशभूषा आणि हालचाली कागदावर रेखाटून घेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले फत्तेलाल मुळात चित्रकारच होते आणि दामल्यांसह त्यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये ती नजर जागोजागी दिसते. जपानचे अकिरा कुरोसावा यांनी ‘कागेमुशा’ आणि ‘रान’ या चित्रपटांसाठी दृश्यांची रंगीत चित्रे काढली. सत्यजित राय यांच्याजवळ ‘पथेर पांचाली’ची रीतसर पटकथा नव्हती, होती ती ब्रश आणि शाईने काढलेली रेखाटने, त्यांच्या शेजारी संवाद आणि टिपणे. या सर्वांनी आपले काम जिथे संपवले, म्हणजे पडद्यावरच्या चौकटीत, तिथून आपण सुरुवात करायची आहे.

दृश्य निवडताना नवशिक्याचा हात आवडत्या नटाच्या चेहऱ्याकडे वळतो. माझ्या मते हा मोह सुरुवातीला आवरावा. चेहरा काढायला घेतला की सारी शक्ती साम्य साधण्यात खर्ची पडते, आणि नाक जमले नाही म्हणून चांगले रेखाटन फाडून टाकले जाते. त्याऐवजी जिथे माणसे लहान आहेत, जागा महत्त्वाची आहे आणि प्रकाशाचे काही निश्चित काम आहे, असे दीड-दोन मिनिटांचे दृश्य घ्यावे. पहिल्या काही खेपांना कृष्णधवल चित्रपट घेतल्यास फार सोपे जाते, कारण रंगांचे भाषांतर छटांमध्ये करण्याचे अवघड काम छायालेखकाने, म्हणजे कॅमेरा सांभाळणाऱ्याने, आपल्यासाठी आधीच करून ठेवलेले असते.

निवडलेले दृश्य पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता सलग पाहावे. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे. पार्श्वसंगीत गेल्यावर दृश्याचा खरा तोल कळतो. संगीताने भारावून टाकलेली कित्येक दृश्ये आवाजाविना पोकळ वाटू लागतात, तर काही अधिकच घट्ट होतात. उपशीर्षकेही बंद करावीत, कारण ती चौकटीचा तळ झाकतात आणि पाय, जमीन, सावल्या नेमक्या तिथेच असतात.

यानंतर चौकट आखायची, आणि इथे घाई करू नये. जुने बोलपट साधारण १.३७:१ या प्रमाणात (रुंदी:उंची) असतात, पुढचे बरेचसे १.८५:१ मध्ये आणि रुंद पडद्याचे २.३९:१ मध्ये. कागदावर १२ सेंटिमीटर रुंदी धरली तर उंची अनुक्रमे सुमारे ८.८, ६.५ आणि ५ सेंटिमीटर येते. घरच्या टीव्हीचे प्रमाण १६:९ असल्याने जुना चित्रपट लावला की डाव्या-उजव्या बाजूंना काळे पट्टे दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर चित्र ताणलेले किंवा वरून-खालून कापलेले असण्याची शक्यता असते, म्हणून टीव्हीची सेटिंग तपासून घ्यावी. कापलेल्या चौकटीवरून काढलेले चित्र कितीही सुबक असले तरी त्यावरून दिग्दर्शकाच्या रचनेविषयी काही म्हणता येत नाही.

साहित्य थोडेच लागते: कार्ट्रिज कागदाची (चित्रकलेच्या जाडसर कागदाची) वही, एक २बी आणि एक त्याहून मऊ, गडद ६बी पेन्सिल, खोडरबर आणि पट्टी. पट्टी फक्त चौकटीपुरती वापरावी.

आता एक दृश्य जवळून पाहू. १९५५ च्या ‘पथेर पांचाली’मध्ये दुर्गा आणि अपू ही भावंडे काशाच्या उंच गवतातून जाऊन पहिल्यांदा आगगाडी पाहतात. छायालेखन सुब्रत मित्र यांचे आहे. या चित्रपटाच्या चित्रीकरणाचा पहिला दिवस, २७ ऑक्टोबर १९५२, याच दृश्याचा होता. आठवड्याने मंडळी परतली तेव्हा गुरांनी काशाचे तुरे खाऊन टाकले होते आणि उरलेल्या भागासाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. एखादे गवत त्या दृश्याला इतके अपरिहार्य का वाटावे, हे रेखाटायला घेतल्यावर आपोआप उमगते.

पांढरे तुरे अलीकडे, दूरवर गाडीची काळी आकृती, तिच्यावर धुराचा काळा पट्टा आणि या दोहोंमध्ये दोन लहान मुले, अशी ती लाँग शॉटची, म्हणजे दुरून घेतलेली, चौकट आहे. तिचे कच्चे रेखाटन करताना मुलांपासून सुरुवात करू नये. प्रथम क्षितिजाची रेघ ओढावी. मग डोळे किलकिले करून पडद्याकडे पाहावे, म्हणजे बारकावे विरघळून फक्त तीन छटा उरतात: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद काळा. करड्याचे आणि काळ्याचे आकार पेन्सिल आडवी धरून भरावेत. तुरे वेगळे काढू नयेत. आजूबाजूचा करडा भरत गेल्यावर जो पांढरा उरतो तोच तुऱ्यांचा. शेवटी मुले येतात, आणि तीही दोन छोट्या गडद खुणा म्हणून. एवढे झाल्यावर लक्षात येते की चौकटीत सर्वांत काळी गोष्ट गाडी आणि तिचा धूर आहे, आणि मुले या बाजूला पांढऱ्यात अर्धी बुडालेली आहेत. त्यांचे जग आणि बाहेरचे जग यांतले अंतर संवादाने सांगितलेले नाही; ते छटांमध्ये आहे.

याच दृश्यात थोडे आधी दुर्गा तारांच्या खांबाला कान लावून त्याची गुणगुण ऐकते. ही चौकट दुसऱ्या कागदावर घ्यावी. इथे सगळा भार एका उभ्या रेषेवर आणि तिच्याकडे झुकलेल्या मानेवर आहे. खांबाची जाडी, मानेचा कल आणि खांबाला टेकलेला कान एवढ्या तीनच गोष्टी बरोबर आल्या तरी चित्र बोलते. पुढे दुर्गा धडपडते, मागे राहते आणि अपू एकटा रुळांपाशी पोहोचतो. गाडी येते तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे गेलेला असतो आणि धावत्या चाकांच्या फटींतून अपू तुटक-तुटक दिसतो. तिसरे रेखाटन या चौकटीचे करावे. चाकांचा काळा भाग चौकटीचा किती हिस्सा व्यापतो ते मोजावे, आणि अपूसाठी किती चिंचोळी जागा उरते ते पाहावे. दुर्गा या चौकटीत नाही. तीन चौकटी कागदावर शेजारी-शेजारी मांडल्यावर तिची अनुपस्थिती चित्रपट पाहताना जाणवते त्याहून अधिक ठळक होते, आणि ज्याने चित्रपट पूर्ण पाहिला आहे त्याला ती बोचल्याशिवाय राहत नाही.

थांबवलेल्या चित्राविषयी एक सूचना करायला हवी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, त्यामुळे कुठेही पॉझ केले तर हलणारा हात किंवा पाऊल धूसर दिसते. हालचाल क्षणभर स्थिरावते अशी जागा शोधावी. मान वळून थांबली, पाऊल टेकले, दार पूर्ण उघडले, अशी. एका शॉटसाठी, म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेल्या सलग तुकड्यासाठी, एकच चौकट पुरत नसेल तर शॉटच्या आरंभाची आणि शेवटची अशा दोन काढाव्यात आणि कॅमेरा कोणत्या दिशेने सरकला ते कडेला बाणाने दाखवावे. याउलट चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’सारख्या चित्रपटात कॅमेरा दूर आणि स्थिर असतो. तिथे एकच चौकट आखावी आणि त्या चौकटीत कोण कुठून आले, कुठे बसले, कधी निघून गेले, एवढेच टिपावे. न्यायालयाच्या दालनातल्या कंटाळ्याचे आणि यंत्रवत कामकाजाचे वजन त्या न हलणाऱ्या चौकटीतून कसे येते, हे असा नकाशा केल्यावर चांगले कळते.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा सराव स्मरणचित्राचा आहे. दृश्य पाहून झाल्यावर पडदा बंद करावा, दहा मिनिटे दुसरे काही काम करावे आणि मग ते दृश्य आठवणीतून काढावे. त्यानंतर पुन्हा दृश्य लावून दुसऱ्या कागदावर पाहून काढावे. दोन्ही चित्रे समोर ठेवली की फरक डोळ्यांत भरतात. आठवणीत माणसे बहुधा मोठी झालेली असतात, छत किंवा आकाश गायब असते, मध्ये आलेला दरवाजाचा खांब किंवा खिडकीचे गज पार विसरलेले असतात. हे फरक पुसू नयेत. मनाने काय मोठे केले आणि काय वगळले, ही लेखनासाठी सर्वांत कसदार सामग्री असते. दृश्याने आपल्यावर केलेला परिणाम आणि तो घडवण्यासाठी वापरलेली साधने, या दोन्ही बाजू त्यातून एकाच वेळी दिसतात.

आता लेखनाकडे वळू. रेखाटनाच्या कडेला, हात चालू असतानाच, दोन-तीन शब्दांची टिपणे करावीत: ‘प्रकाश डावीकडून, खालून’, ‘आई पाठमोरी’, ‘निम्मी चौकट रिकामी’. नंतर लिहायला बसल्यावर पहिल्या परिच्छेदात फक्त वर्णन असावे, तेही ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला डोळ्यांपुढे उभे राहील असे. दुसऱ्या परिच्छेदात त्या वर्णनातून निघणारे अनुमान मांडावे. ‘हे दृश्य अतिशय हृदयस्पर्शी आहे’ असे वाक्य वाचकाला काहीच देत नाही, कारण ते कोणत्याही दृश्याला लावता येते. त्याऐवजी ‘गाडी आल्यावर कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो, त्यामुळे अपू आपल्याला प्रथमच गाडीच्या बाजूने, म्हणजे पुढे तो ज्या जगात जाणार आहे त्या बाजूने दिसतो’ असे लिहिले तर वाचकाला सहमत व्हायला किंवा वाद घालायला काही तरी ठोस मिळते. प्रत्येक मताच्या पाठीशी चित्रातली एक जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल तर ते मत तूर्त बाजूला ठेवावे.

कॅमेऱ्याच्या कोनांचे ठरीव अर्थ लावण्याची सवय मात्र टाळावी. खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता आणि वरून घेतलेला म्हणजे असहायता, ही सूत्रे प्राथमिक पाठापुरती ठीक आहेत. चांगला दिग्दर्शक ती सर्रास मोडतो. कोनाचा अर्थ त्या चित्रपटातल्या इतर चौकटींशी ताडून ठरवावा.

चार-पाच जणांनी मिळून हे केले तर त्याची गोडी वाढते. सर्वांनी एकच दृश्य पाहावे, एकमेकांचे न पाहता आठवणीतून काढावे आणि मग कागद एकत्र मांडावेत. कोणाच्या चित्रात दिवा आहे, कोणाच्या नाही. कोणी म्हाताऱ्याला मध्यभागी बसवले, कोणी कोपऱ्यात. चर्चा ‘आवडले की नाही’ या प्रश्नावरून आपोआप ‘तुला हे इथे का दिसले’ या प्रश्नावर येते. ज्यांना चित्रकला येत नाही असे वाटते त्यांना या बैठकीत आवर्जून घ्यावे; त्यांच्या आडव्यातिडव्या रेघांत रचनेची आठवण अनेकदा अधिक खरी असते, कारण त्यांना सफाईची चिंता नसते.

रेखाटन इतरांना दाखवताना चित्रपटाचे नाव, साल, दिग्दर्शक आणि छायालेखक यांचा उल्लेख करावा. कला-दिग्दर्शकाचे नाव मिळाले तर तेही द्यावे, कारण भिंतीचा पोपडा आणि कोनाड्यातली रॉकेलची चिमणी तिथे कोणी तरी विचारपूर्वक ठेवलेली असते. भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चित्रपटाचा कॉपीराइट टिकतो, आणि समीक्षेसाठी कृतीचा रास्त वापर करण्याची मुभा कायद्यातच आहे. मात्र अशी चित्रे छापून विकण्याचा विचार असेल तर चित्रपटाच्या हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी.

मऊ पेन्सिलीची चित्रे एकमेकांवर घासून पुसट होतात, तेव्हा पानांमध्ये बटर पेपर घालावा किंवा फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसू न देणारा फवारा) मारावे. चित्राचा फोटो खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, कॅमेरा कागदाला समांतर धरून काढावा आणि चौकटीबाहेरची टिपणे कापू नयेत. मागच्या बाजूला तारीख आणि चित्रपटातील दृश्याची मिनिटे लिहून ठेवावीत, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी तेच दृश्य पुन्हा काढायचे ठरवले तर ते शोधावे लागत नाही.