डोंगरातल्या लॉखवर ट्राऊट: आधी काठ, मग पाणी

स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यात, ॲसिंटच्या डोंगरांत शेकडो लहानमोठी तळी आहेत. तिथे त्यांना लॉख म्हणतात. बहुतेकांपर्यंत रस्ता नाही, दलदल तुडवत जावं लागतं. एवढी पायपीट करून मासे धरायला आलेला माणूस थेट कंबरभर पाण्यात शिरतो आणि लांब फेक टाकतो. चुकतं ते इथेच. ब्राऊन ट्राऊट हा मासा काठाच्या दगडांत, गुडघाभर पाण्यात खाणं शोधत फिरतो. तुमचा पाय पडला की तो पसार!

ट्राऊटचा हंगाम 15 मार्च ते 6 ऑक्टोबर. परवाना आधीच काढा.

10 फुटी, 6 नंबरचा रॉड (मासेमारीची काठी) आणि तरंगणारी लाइन (दोरी) पुरते. लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायच्या बारीक दोऱ्याला, 6 पौंडी नायलॉन. त्यावर तीन फ्लाय, म्हणजे पिसं-धागे बांधून किड्यासारखे केलेले गळ. लाइनपासून वरच्या फ्लायपर्यंत 5 फूट, पुढे 4-4 फुटांवर उरलेल्या दोन. वर झुबकेदार केट मॅक्लॅरेन, मधे सोल्जर पामर, टोकाला ब्लॅक पेनेल. गळ 10 किंवा 12 नंबरचे. नायलॉनचे दोन तुकडे जोडल्यावर गाठीतून दोन मोकळी टोकं निघतात. वर रॉडकडे जाणारं कापा, खाली टोकाकडे वळलेलं चार-पाच इंच ठेवून त्यालाच फ्लाय बांधा. हे टोक वरच्या तुकड्याचंच असतं, त्यामुळे मोठ्या माशाच्या ओढीने गाठ उकलत नाही. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की नायलॉन तापून कमजोर होतं.

काठापासून दोन पावलं मागे थांबा. उजव्या हाताने फेकत असाल तर वारा पाठीवर किंवा डाव्या खांद्यावर घ्या, म्हणजे गळ अंगावर येत नाहीत. पहिली फेक काठाला समांतर, मग तिरपी, मग समोर. आठ-दहा मीटर खूप झालं. फ्लाय पडताक्षणी अर्ध्या-अर्ध्या फुटाने ओढा, नाहीतर लाइन सैल राहते आणि मासा लागल्याचं कळतही नाही. शेवटी रॉड हळूहळू उचला. वरची फ्लाय पाण्यावर रेघ ओढू लागली की तीन सेकंद तिथेच धरा. मागोमाग आलेला मासा बहुधा याच क्षणी धरतो. घाईने फ्लाय उचलली तर तो हुकलाच. काही आलं नाही तर दोन पावलं पुढे. ओढा मिळतो ती जागा आणि खडकाची टोकं मात्र नीट पिंजून काढा.

वाऱ्यात गुंता होत असेल तर मधली फ्लाय काढून टाका. वारा पडून पाणी आरशासारखं झालं तर एकच बारीक फ्लाय ठेवा, आणि डोक्यावर जाळी चढवा. मिज नावाचे बारीक चावरे किडे अशा वेळी उभं राहू देत नाहीत.

ढग खाली उतरले की सगळी तळी सारखीच दिसतात. नकाशा, होकायंत्र जवळ हवंच. लॉखवर पोचताक्षणी, हवा स्वच्छ असतानाच, परतीची दिशा लिहून ठेवा.