प्रवाळभित्तीची झीज बाकावर कशी दाखवायची

मी नागपुरात आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून हा प्रयोग. खरं प्रवाळ कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

इतवारीतून प्लास्टर ऑफ पॅरिस आणा, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत तीन ठोकळे ओता आणि चांगले वाळू द्या. ही प्रवाळ या छोट्या समुद्री प्राण्यांनी बांधलेली चुनखडीची भित्ती. मैद्याच्या खळीत हिरवा रंग आणि चमचाभर तेल घालून वरून फासा. हे शेवाळ. मासे येतात ते याच्यासाठी.

पहिल्यावर चमच्याच्या कडेनं फक्त हिरवं खरवडा. बरेच पोपटमासे असंच वरवर खातात. दुसऱ्यावर पेचकस रोवून खालचं पांढरंही उकरा. ही मोठ्या चोचीच्या पोपटमाशांची रीत. त्यांचे पुढचे दात जुळून चोच झालेली असते, घशात आणखी दात असतात आणि चुनखडीचं पीठ तिथे होतं. कपाळावर टेंगूळ असलेला सगळ्यात मोठा पोपटमासा, एकटा, वर्षाला पाच टनांहून जास्त चुनखडी उकरतो. तिसऱ्यावर खिळ्यानं मध्याकडे पाच ओरखडे ओढा. शेवाळ खाणाऱ्या सी अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याला पाच दात असतात, त्याच्या चाव्याची अशीच चांदणी उमटते.

पडलेली भुकटी कागदावर जमवून वजन करा. मालदीवच्या वाक्करू बेटाभोवती तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांच्या विष्ठेतून येते, हे तेव्हाच सांगा. वर्गात कल्ला होतो, होऊ द्या.

मुलं लगेच म्हणतात, मग हे मासे वाईट! इथे घाई करू नका, खरा धडा हाच आहे. ठोकळे ओले करून त्यांवर पातळ प्लास्टर घाला. ही प्रवाळाची वाढ. खरवडलेल्या जागी थर धरतो, तेलकट हिरव्यावरचा वाळला की पोपडा होऊन सुटतो. प्रवाळाच्या पिल्लांनाही शेवाळावर बूड टेकता येत नाही. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात रोगानं काळे सी अर्चिन जवळपास संपले, तेव्हा शेवाळानं प्रवाळ झाकून टाकलं. उलट पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांपाशी १९८२-८३च्या एल निन्योनं, म्हणजे समुद्राचं पाणी तापल्यानं, प्रवाळ मेलं, वाढ थांबली, पण अर्चिनचं कुरतडणं चालूच राहिलं आणि भित्तीच ढासळल्या.

म्हणून एका गटाला दर खरवडण्यामागे एक थर घालायला लावा, दुसऱ्याला थर बंद. आठवडाभर ठोकळ्यांची उंची पट्टीनं मोजून फळ्यावर लिहा. उरलेलं प्लास्टर मोरीत मात्र ओतू नका, पाइप तुंबतो.