धोक्याच्या देशात कामाला निघताय? तयारीतल्या या चुका टाळा

१५ एप्रिल २०२३ च्या सकाळी सुदानची राजधानी खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली आणि पहिल्याच दिवशी विमानतळ रणांगण बनला. 'काही झालंच तर पुढच्या विमानाने निघू' एवढ्याच योजनेवर तिथे राहणाऱ्या परदेशी कामगारांपुढे मग कुठलीच योजना उरली नाही. बँका बंद झाल्या, पाणी मिळेना, रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या हत्यारबंद लोकांचे नाके बसले. काही देशांनी घाईघाईने दूतावास रिकामे केले, तेव्हा व्हिसासाठी तिथे दिलेले लोकांचे पासपोर्ट आतच कुलूपबंद राहिले. सुटलेल्यांपैकी कित्येक जण शेकडो किलोमीटर रस्त्याने पोर्ट सुदानला पोहोचले आणि तिथून समुद्रमार्गे सौदी अरेबियातल्या जेद्दाला गेले.

अशा देशांत अभियंते जातात, परिचारिका जातात, तेलविहिरींवरचे तंत्रज्ञ, पत्रकार, मदतसंस्थांची माणसं जातात. कामच तिथे असतं, त्यामुळे 'जाऊ नका' हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. पण घडलेल्या घटना नीट वाचल्या तर तयारीतल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: कोणीतरी बघून घेईल. कंपनी बघेल, दूतावास बघेल, लष्कर बघेल, ड्रायव्हर बघेल. म्हणून तयारी करताना प्रत्येक टप्प्यावर मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा माणूस आलाच नाही, तर पहिले तीन दिवस मी काय करणार?

चूक: कंपनीला लेखी काहीच न विचारणं

जून २०१२ च्या शेवटी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रिफ्यूजी कौन्सिल या संस्थेच्या ताफ्यावर हल्ला झाला. एक चालक मारला गेला आणि चार कर्मचाऱ्यांना पळवून सोमालियात नेलं. चार दिवसांनी त्यांची सुटका झाली. त्यांच्यापैकी स्टीव्ह डेनिस यांनी पुढे संस्थेवर दावा लावला आणि २०१५ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने संस्थेचा गंभीर निष्काळजीपणा मान्य केला. अपहरणाचा धोका आधीच दिसत होता आणि तो कमी करण्याचे उपाय संस्थेच्या हातात होते, हा निकालाचा गाभा. कर्मचाऱ्याची काळजी घेणं हे नियोक्त्याचं कर्तव्य आहे, हे या निकालाने मदतसंस्थांच्या जगात ठळक झालं. प्रवासातल्या धोक्यांच्या व्यवस्थापनासाठी २०२१ पासून आयएसओ ३१०३० हे मार्गदर्शक मानकही उपलब्ध आहे.

तेव्हा करारावर सही करण्याआधी ईमेलने विचारा. रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस कोण? देश सोडण्याचा निर्णय कोण घेणार, आणि कुठली परिस्थिती आली की घेणार? एखादा प्रवास मला धोक्याचा वाटला आणि मी नकार दिला, तर नोकरीवर परिणाम होईल का? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं, तर ती नोकरी न स्वीकारणंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण जागेवर पोहोचल्यावर, गाडी दारात उभी असताना, 'नाही' म्हणणं फार अवघड जातं.

याच टप्प्यावर विमाही वाचून घ्या. सर्वसाधारण प्रवास विम्यात युद्ध, दंगल आणि दहशतवाद बहुतेक वेळा वगळलेले असतात. तुमच्या सरकारने 'जाऊ नका' असा इशारा दिलेल्या भागात पॉलिसी लागू राहते का, जखमी माणसाला दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात नेण्याचा खर्च मिळतो का, आणि त्यासाठी कोणाची पूर्वपरवानगी लागते, हे तीन मुद्दे लेखी हवेत. अपहरण आणि खंडणीचा विमा कंपनीने काढलेला असला तर त्याबद्दल कोणाशीही बोलू नका. असा विमा असल्याचं कळलं की खंडणीची रक्कम वाढते.

पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' कार्यालयात ठेवून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. खार्तूम आठवा आणि तो स्वतःजवळ ठेवण्याचा आग्रह धरा.

चूक: बॉम्बची भीती, रस्त्याकडे दुर्लक्ष

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्ते अपघातांत मरतात आणि त्यातले ९२ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. धोक्याचे समजले जाणारे बहुतेक देश याच गटात येतात. तिथे रुग्णवाहिका नसते, रक्तपेढी दूर असते, त्यामुळे एरवी माणूस वाचला असता असा अपघातही जिवावर बेततो. बुलेटप्रूफ जाकिटाची चौकशी करणारी माणसं मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेली दिसतात, तेव्हा वाईट वाटतं.

पट्टा नसलेल्या गाडीत बसू नका. शहराबाहेर अंधार पडल्यावर प्रवास नको. निघायला उशीर झाला तर मुक्काम वाढवा. निघण्याआधी टायर, स्टेपनी, जॅक, पाणी आणि इंधन स्वतः पाहा. ड्रायव्हर किती तास झोपला आहे हे विचारण्यात अपमान काहीच नाही. तो वेगाने हाकत असेल तर सर्वांसमोर दटावू नका, त्याचा मान दुखावतो आणि पुढे तो तुमचं ऐकत नाही. 'मला उलटीसारखं होतंय, जरा हळू घ्या' हे वाक्य जवळजवळ सगळीकडे चालतं. तरीही ऐकलं नाही तर पहिल्या सुरक्षित ठिकाणी थांबवा आणि दुसरी गाडी मागवा.

रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने कामावर जाणं ही आणखी एक नेहमीची चूक. पाळत ठेवणाऱ्याला यापेक्षा सोपं काही नसतं. निदान निघण्याची वेळ बदलत राहा. मार्ग मात्र मनाने बदलू नका. आधी तपासलेल्या दोन-तीन मार्गांतूनच निवडा. गल्लीबोळात चुकून शिरणं नेहमीच्या रस्त्यापेक्षा वाईट.

नाका आला की गोंधळ होतो, म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा. दुरूनच वेग कमी करायचा. रात्र असेल तर पुढचे दिवे मंद आणि गाडीतला दिवा चालू. काच खाली, गॉगल काढलेला, हात दिसतील असे, मोबाइल खिशात. बोलायचं एकानेच, बहुधा ड्रायव्हरने. कागद मागितल्याशिवाय खिशात किंवा पिशवीत हात घालायचा नाही. जे करताय ते आधी सांगून, सावकाश. नाक्याजवळ येऊन अचानक गाडी मागे घेतलीत तर गोळी येऊ शकते. गाडी, पैसे, लॅपटॉप मागत असतील तर देऊन टाका. यातली कुठलीही वस्तू वाद घालण्याच्या लायकीची नाही.

आपल्या गाडीचा धक्का लागून कोणी जखमी झालं तर काय करायचं, हे मात्र पोहोचल्याच्या दिवशीच स्थानिक सहकाऱ्यांना विचारा. काही भागांत तिथेच थांबून मदत केली जाते. काही भागांत जमाव गाडीवर चालून येतो, म्हणून जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन तिथून मदत पाठवण्याचा सल्ला मिळतो. याचं उत्तर जागेनुसार बदलतं.

चूक: मदत वेळेत पोहोचेल हे गृहीत धरणं

११ जुलै २०१६ रोजी दक्षिण सुदानच्या जुबा शहरात 'टेरेन' या निवासी संकुलात सैनिक घुसले. तिथे मदतसंस्थांचे लोक राहत होते. एका स्थानिक पत्रकाराची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. आतले लोक फोन करून, संदेश पाठवून मदत मागत होते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ तिथून साधारण एक किलोमीटरवर होता, पण तिथून मदत आली नाही. संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या चौकशीत हे नोंदवलं गेलं.

जानेवारी २०१३ मध्ये अल्जीरियातल्या इन अमेनासच्या वायुप्रकल्पावर हल्ला झाला. चार दिवस चाललेल्या त्या प्रकारात सुमारे ४० कामगारांचा जीव गेला. प्रकल्पात भागीदार असलेल्या नॉर्वेच्या स्टॅटऑइल कंपनीच्या चौकशी अहवालात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: बाहेरच्या लष्करी संरक्षणावर नको इतकी भिस्त ठेवली गेली होती.

म्हणून पहिले काही तास आपणच आपले, असं धरून शिका. सर्वांत आधी रक्तस्राव थांबवायला. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून, टूर्निकेट (दांडीने पीळ देऊन आवळायचा पट्टा) बांधायचं. रक्त थांबेपर्यंत आवळायचं, वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टर मिळेपर्यंत सैल करायचं नाही. आवळलेलं फार दुखतं, माणूस ओरडतो, आणि न शिकलेला मदतनीस तिथेच ढिला पडतो. म्हणून हे प्रत्यक्ष करून शिकायला हवं. बाजारात नकली टूर्निकेट खूप आहेत, त्यांची दांडी पीळ देताना मोडते. वैद्यकीय साहित्याच्या खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

राहण्याच्या जागेत काच हा मोठा धोका. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कनाल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाशेजारी स्फोटकांनी भरलेल्या ट्रकचा स्फोट झाला. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण मृत्युमुखी पडले. उडालेल्या काचांनी कित्येक जण जखमी झाले. खिडक्यांना स्फोटरोधक फिल्म लावण्याचं काम वेळेत झालं नव्हतं. तुमच्या खोलीत ती आहे का बघा. नसेल तर पलंग खिडकीपासून दूर ओढा आणि जाड पडदे लावलेले ठेवा. हॉटेलात दुसरा ते सहावा मजला मागा, रस्त्याच्या बाजूची खोली टाळा, आणि जिन्यापर्यंतचा रस्ता एकदा चालून पाहा. गोळीबार ऐकू आला तर खिडकीशी जाऊन चित्रीकरण करायचं नाही. लगेच खाली आडवं व्हायचं आणि सरपटत आतल्या भागात, तुमच्या आणि बाहेरच्या मध्ये दोन भिंती येतील अशा जागी पोहोचायचं. बऱ्याच घरांत ही जागा म्हणजे न्हाणीघर किंवा जिन्याखालचा कोपरा.

चूक: 'पोहोचलो की मेसेज करतो'

बहुतेक जण संपर्काची वेळ ठरवतात. पण ती वेळ टळली तर पुढे काय, हे कोणीच ठरवलेलं नसतं. मेसेज आला नाही की घरचे म्हणतात नेटवर्क नसेल, कार्यालय म्हणतं सकाळी बघू, आणि शोध घेण्याचे सर्वांत मोलाचे तास निघून जातात. म्हणून लेखी ठरवा: संध्याकाळी सहाला संपर्क, साडेसहाला कार्यालयाकडून फोन, सातला ड्रायव्हर आणि मुक्कामाचं ठिकाण, आठला सुरक्षा अधिकारी शोध सुरू करणार. प्रत्येक पायरीसमोर एका माणसाचं नाव हवं. दबावाखाली असताना 'मी ठीक आहे' म्हणायला लावलं तर वापरायचा एक साधा, सहज वाटणारा शब्दही ठरवून ठेवा.

फोन स्वच्छ करून न्या. नाक्यावरचा माणूस तुमचे फोटो आणि चॅट उघडून बघू शकतो, आणि राजकीय किंवा धार्मिक विनोद तिथे जिवावर उठू शकतो. बोटाच्या ठशापेक्षा आकड्यांचं कुलूप बरं. व्यायामाचं अॅपसुद्धा घात करतं: स्ट्राव्हाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून पुढच्या जानेवारीत लष्करी तळांच्या धावण्याच्या वाटा जगाला दिसल्या. सॅटेलाइट फोन, ड्रोन, दुर्बीण, बुलेटप्रूफ जाकीट या गोष्टींना काही देशांत परवाना लागतो. विनापरवाना सापडलात तर हेरगिरीचा संशय येतो.

चूक: घरच्यांना काळजी नको म्हणून काही न सांगणं

यामागचं प्रेम मला कळतं. पण अपहरण झालं तर पहिला फोन घरीच येऊ शकतो. घरातल्या एका खंबीर माणसाला सगळं सांगून ठेवा: कार्यालयात कोणाला कळवायचं, माध्यमांशी बोलायचं नाही, फेसबुकवर आवाहन टाकायचं नाही. तुम्ही जिवंत आहात याची खात्री पटवणारे तीन-चार प्रश्न बंद पाकिटात कार्यालयाकडे द्या. उत्तरं अशी, की समाजमाध्यमांवर कुठेच सापडणार नाहीत आणि भेदरलेल्या अवस्थेतही तुम्हाला आठवतील. इच्छापत्र, बँकेचे अधिकार आणि रक्तगट यांचे कागदही निघण्यापूर्वीच पूर्ण करा.

पाठीवरची पिशवी कायम भरलेली असू द्या: नेहमीची औषधं, पाणी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, बंद बूट, कागदांच्या प्रती, छापील फोन नंबर आणि लहान नोटांमध्ये रोख रक्कम. ती उचलून पळता येईल एवढीच जड हवी.

प्रशिक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांचा बीसेफ हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, सुरुवातीला तो चांगला. पण खरा उपयोग 'हीट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा. त्यात खोटे नाके, जखमी माणसं, अपहरणाचा प्रसंग उभा करतात आणि आपण भेदरल्यावर कसे वागतो हे आपल्यालाच कळतं. त्याचा खर्च कंपनीकडे मागा.

चूक: योजनेत स्थानिक सहकारी नसणं

जगभरात २०२४ मध्ये ३५० हून अधिक मदतकर्मी मारले गेले. त्यांच्यापैकी बहुतांश त्याच देशाचे रहिवासी होते. परिस्थिती बिघडली की परदेशी माणूस विमानात बसतो. त्याचा दुभाषा, ड्रायव्हर, पहारेकरी, स्वयंपाक करणाऱ्या बाई मागे राहतात, आणि परदेशी संस्थेत काम केलं म्हणून नंतर त्यांच्याच दारावर थाप पडू शकते.

म्हणून कंपनीला आणखी एक ईमेल करा. आम्हाला हलवण्याची वेळ आली तर स्थानिक कर्मचाऱ्यांना किती महिन्यांचा पगार आगाऊ मिळणार, बँका बंद असतील तर तो त्यांच्या हातात कसा पोहोचणार? ज्यांना कुटुंबासह शहर सोडायचंय त्यांना वाहन कोण देणार? त्यांची नावं, पत्ते आणि फोटो असलेली कार्यालयातली कागदपत्रं आणि संगणकावरच्या फायली कोण, किती वेळात नष्ट करणार? उत्तर आलं की ते त्या सहकाऱ्यांना दाखवा आणि त्यात काय चुकतंय ते त्यांनाच विचारा.