फायनान्सवरची गाडी परत देताना या चुका टाळा

यूकेत पीसीपीवर (दरमहा हप्ते, आणि शेवटी मोठी रक्कम भरून गाडी ठेवायची किंवा परत द्यायची असं कर्ज) किंवा लीजवर, म्हणजे भाड्याने, गाडी घेतलेल्या आपल्या लोकांचा तोच तोच प्रश्न ऐकून आता खरंच जीव मेटाकुटीला आलाय. गाडी परत दिली, न्यायला आलेला माणूस काही बोलला नाही, आणि काही आठवड्यांनी ईमेलवर डॅमेजचं बिल आलं, आता काय करू? तेव्हा करण्यासारखं फार थोडं हातात उरतं आणि हे समोरच्याला सांगताना मलाच वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं बिल गाडी दारात उभी होती तेव्हाच टाळता आलं असतं.

सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी सोडणार नाहीये कारण निम्मे लोक इथेच अडकतात: गाडी न्यायला येतो त्या माणसाच्या "ऑल गुड" वर विश्वास ठेवणं. बऱ्याच वेळा तो फक्त ड्रायव्हर असतो. तो गाडीभोवती एक चक्कर मारतो, टॅबवर चार टिक-मार्क करतो, तुमची सही घेतो. खरी तपासणी पुढे कंपनीच्या यार्डात, गाडी धुऊन, चांगल्या लाइटखाली होते आणि ती करणारा माणूस तुम्हाला कधी दिसतही नाही. त्याला जे दिसेल ते बिलात. मग ओरखडा तुमच्या दारात असताना होता की यार्डापर्यंतच्या प्रवासात पडला, हे कशावरून ठरणार? तुमच्याकडे फोटो असले तर फोटोवरून, नाहीतर त्यांच्या शब्दावरून.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. नोव्हेंबरातली संध्याकाळ, अंधार पडलेला, वर रिपरिप पाऊस, गाडी आठवडाभर धुतलेली नाही. ड्रायव्हरने मोबाइलच्या टॉर्चवर गाडी बघितली, म्हणाला सगळं ठीक आहे, याने सही केली आणि घरात आला. पुढे बिल आलं, त्यात ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर ओरखडा, मागच्या दारावर ओरखडा आणि दोन अलॉय चाकांचं नुकसान. भाऊ पैसे भरून मोकळा व्हायला निघालेला, मी म्हटलं थांब, आधी त्यांचे फोटो मागव. फोटो आले. ड्रायव्हरच्या दाराच्या फोटोत तपासणाऱ्यानेच ओरखड्याला मोजपट्टी लावलेली, आणि त्या पट्टीवर तो ओरखडा दोन सेंटिमीटरच्या आतच संपत होता, खालचा पत्रा दिसत नव्हता. परत आलेल्या गाडीची झीज कंपनी ज्यावरून ठरवते त्या गाइडप्रमाणे असा ओरखडा नेहमीच्या झिजेत धरायचा, त्याचे पैसे लावायचेच नाहीत. मागच्या दारावरचा "ओरखडा" मोठा करून बघितला तर ती शेजारच्या रेलिंगची सावली होती, रंगावर पडलेली. ही दोन्ही कलमं त्यांनी लेखी तक्रारीनंतर काढली. अलॉयचे पैसे मात्र भरावे लागले, कारण एका चाकाच्या स्पोकलाच मार होता, आणि दुसऱ्याबद्दल तो शपथेवर सांगत होता की आमच्याकडे असताना ते नीट होतं. असेलही. पण फोटो नव्हता, विषय तिथेच संपला.

म्हणून माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका. गाडी जायच्या दिवशी सकाळी धुवायची, पूर्ण वाळू द्यायची (ओल्या गाडीवर बारीक ओरखडे दिसतच नाहीत, ना तुम्हाला ना कॅमेऱ्याला), आणि उन्हात किंवा निदान दिवसाच्या उजेडात एकेका पॅनेलचा (दार, बॉनेट, बंपर असा प्रत्येक भाग) फोटो काढायचा. छत विसरू नका, छत सगळे विसरतात. चारही चाकं जवळून, चारही टायर, काच आतून आणि बाहेरून, सीट, बूट म्हणजे डिकी, किलोमीटर, सॉरी, माइल्सचा आकडा. मग सगळ्याचा एक सलग व्हिडिओ, आणि शेवटी ड्रायव्हरसमोर उभं राहून अजून एक. ड्रायव्हर घाईत असतो, त्याला पुढच्या गाडीला जायचं असतं, जाऊ दे, तुमची गाडी आहे तुम्ही वेळ घ्या. अंधार पडल्यावरची वेळ दिली तर बदलून मागा. जोरात पाऊस असेल तर रिपोर्टवर "गाडी ओली, उजेड कमी" असं लिहायला लावा आणि मगच सही करा. रिपोर्टची कॉपी तिथल्या तिथे मागून घ्या.

आता त्या गाइडबद्दल. बहुतेक कंपन्या बीव्हीआरएलए म्हणजे भाड्याच्या आणि लीजच्या गाड्यांच्या संघटनेची "फेअर वेअर अँड टेअर" गाइड मानतात, काही कार कंपन्यांच्या फायनान्सची स्वतःची असते. तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये कुठली आहे ती बघा आणि वाचा, फार मोठी नाहीये, पण लोक ती बिल आल्यावर वाचतात. बीव्हीआरएलएच्या गाइडमधल्या काही गोष्टी तोंडपाठ असू द्या: वरवरचा ओरखडा २५ मिलिमीटरपर्यंत चालतो, प्रायमर (रंगाखालचा थर) किंवा पत्रा दिसत नसेल आणि पॉलिशने जाण्यासारखा असेल तर, आणि एका पॅनेलवर जास्तीत जास्त चार. चाकाच्या कडेला घासलेलं मिळून ५० मिलिमीटरपर्यंत चालतं, पण स्पोकला किंवा मधल्या भागाला मार असेल तर अजिबात नाही. छतावरचा पोचा चालत नाही, आणि दाराच्या बाजूने जी उठावाची रेघ जाते तिच्यावरचा पोचाही चालत नाही, कितीही लहान असला तरी. एक पट्टी घेऊन गाडीभोवती फिरलात की निम्मं चित्र तुम्हालाच स्पष्ट होतं.

हे फिरणं शेवटच्या आठवड्यात नको. त्याच गाइडचा सल्ला आहे की गाडी परत द्यायच्या १० ते १२ आठवडे आधी स्वतः तपासा, आणि तो सल्ला मला शंभर टक्के पटतो, कारण चांगल्या बॉडीवाल्याची अपॉइंटमेंट उद्याची मिळत नाही. आयत्या वेळी जो मिळतो त्याच्याकडे का गर्दी नसते याचा विचार करा.

यातूनच माझी दुसरी चीड: घरच्या घरी टचअप. ऑनलाइन टचअप पेन मागवायचं, रविवारी दुपारी ओरखड्यावर फिरवायचं आणि लांबून बघून "कळतच नाहीये" म्हणायचं. लांबून कोण बघतंय? तपासणारा पॅनेलला डोळा लावून, लाइट तिरका मारून बघतो. गाइडमध्ये स्वच्छ लिहिलंय की दुरुस्ती व्यावसायिक दर्जाची हवी, रंग न जुळलेला, पापुद्रे निघणारा, लाटा आलेला, रंगात कचरा अडकलेला चालत नाही. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने बंपरच्या कोपऱ्यावर असंच केलं होतं. मूळ ओरखडा बोटाच्या पेराएवढा, कदाचित झिजेतच गेला असता. याने आधी पॉलिश पेपरने घासला, म्हणजे आजूबाजूचा लॅकर मंद झाला, मग पेनाचे तीन थर दिले, ते वाळून फुगवटा आला, आणि शेवटी तो फुगवटा घालवायला परत घासलं. आता पेराएवढ्या ओरखड्याच्या जागी तळहाताएवढा पांढुरका डाग. बिल आलं अख्ख्या बंपरच्या रंगाचं. पैसे वाचवायचे म्हणून केलेलं काम जास्त पैसे घेऊन गेलं, आणि हे मी एकदाच नाही बघितलेलं.

मग काय करायचं? लहान ओरखडे आणि अलॉयसाठी स्मार्ट रिपेअरवाले असतात, घरी येऊन करून देतात. पण आधी हिशेब करा. काही कंपन्या डॅमेजचे दर आधीच छापून ठेवतात, ते मागा. कंपनीचा दर आणि रिपेअरवाल्याचा दर शेजारी ठेवा. कधीकधी न करता परत देणंच स्वस्त पडतं, विशेषतः रंगाच्या मोठ्या कामात, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. अलॉय मात्र बहुतेक वेळा आधी करून घेतलेले बरे. काम केलं की पावती आणि आधीचा-नंतरचा फोटो जपून ठेवा.

काचेवर टवका असेल तर लगेच भरून घ्या, तडा गेला की अख्खी काच. तुमच्या इन्शुरन्समध्ये काचेचं कव्हर आहे का बघा, बऱ्याच पॉलिसीत असतं. टायरच्या खाचा कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात, रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात आणि पूर्ण गोलाईत, फक्त एका जागी मोजून खूश होऊ नका. दुसरी चावी शोधा, आत्ता, हे वाचता वाचता. हरवलेल्या चावीचे पैसे लोकांना सगळ्यात जास्त टोचतात. चाकाच्या लॉकिंग नटची चावी, मागचा पार्सल शेल्फ, नकाशाचं एसडी कार्ड, इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंगची केबल, गाडीबरोबर आलेलं सगळं गाडीबरोबर जायला हवं. सर्व्हिस वेळेवर झालेली हवी आणि तिची नोंदही. डॅशकॅमचा गोंद काढा. खासगी नंबर प्लेट लावली असेल तर गाडी जायच्या बऱ्याच आधी डीव्हीएलएकडे, म्हणजे सरकारी वाहन नोंदणी खात्याकडे, £८० भरून ती तुमच्या नावावर राखून घ्या आणि कंपनीला कळवा, कारण गाडी गेली की प्लेट गेली. फोन, घरचा पत्ता, कॉन्टॅक्ट सगळं स्क्रीनमधून पुसा.

आता एक मोठा मुद्दा जो डॅमेजचा वाटत नाही पण आहे. पीसीपी असेल तर गाडी परत देणं हा तीनपैकी फक्त एक पर्याय आहे. शेवटची मोठी रक्कम भरून गाडी ठेवू शकता, किंवा दुसऱ्या गाडीत बदलू शकता. गाडीची बाजारात आजची किंमत त्या शेवटच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर परत देऊन तुम्ही तो फरक फुकट सोडताय, वर डॅमेजची तपासणी अंगावर घेताय. डीलरला दिली तर फायनान्स तोच चुकता करतो आणि ओरखड्याचा विचार भावातच होतो. आधी दोन-तीन ठिकाणी भाव काढा. लीजवर म्हणजे पीसीएचवर हा पर्याय नसतो, ती गाडी परतच द्यायची.

आणि मुदतीआधी परत देणार असाल तर शब्द नीट वापरा. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टखाली पीसीपी आणि हायर पर्चेसमध्ये (हप्त्यांनी खरेदी) व्हॉलंटरी टर्मिनेशनचा, म्हणजे स्वतःहून करार संपवण्याचा, हक्क आहे. एकूण देय रकमेच्या निम्मी रक्कम भरून झाली असेल, किंवा उरलेला फरक भरलात, तर गाडी देऊन मोकळं होता येतं. एकूण रकमेत व्याज आणि शेवटची मोठी रक्कम दोन्ही धरतात, म्हणून पीसीपीत ही निम्मी वेळ उशिरा येते. पण फोनवर "गाडी सरेंडर करतो" म्हणालात तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यात उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर राहू शकतं. फोनवर काहीही ठरवू नका, ईमेलवर "व्हॉलंटरी टर्मिनेशन" असं लिहून पाठवा. यातही गाडीची वाजवी काळजी घ्यायची जबाबदारी असतेच, त्यामुळे फोटोंचं वर सांगितलेलं सगळं इथेही लागू.

बिल आलंच तर घाबरून लगेच भरू नका, आणि रागावून दुर्लक्षही करू नका, थकबाकी क्रेडिट फाइलवर गेली तर ते निस्तरणं जास्त अवघड. एकेका कलमाचा फोटो आणि दर लेखी मागा. गाइडमधलं माप आणि त्यांचा फोटो समोरासमोर ठेवा. जे खरंच तुमचं आहे ते मान्य करा, जे नाही ते ठामपणे नाही म्हणा. सरसकट सगळंच नाकारणाऱ्याचं म्हणणं कोणी मनापासून ऐकत नाही, हे मी बघितलंय. कंपनीकडे औपचारिक तक्रार केली की अंतिम उत्तरासाठी त्यांना आठ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे (फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जा, ग्राहकाला फुकट आहे, फक्त अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. मधल्या काळात गाडीचा इन्शुरन्स मात्र ती प्रत्यक्ष दारातून गेल्याशिवाय बंद करू नका, पिकअपची तारीख पुढे ढकलली जाणं अगदी नेहमीचं आहे.