जुन्या पीसीचं टर्मिनल करताना: कर्मिट, प्रोकॉम की टेलिक्स?

माझ्या एक्सटी क्लोनला (आयबीएमच्या जुन्या पीसी एक्सटीची नक्कल) हार्ड डिस्क नाही. दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि हिरवा मॉनिटर. त्याला लिनक्स मशीनचं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, करायचं होतं, म्हणून कर्मिट, प्रोकॉम आणि टेलिक्स हे डॉसवरचे तिन्ही टर्मिनल प्रोग्रॅम एका सिरियल केबलवर आलटून पालटून चालवले. मोडेमने लावायच्या फोनची डिरेक्टरी आणि मेन्यू पाहून निवड करू नका. आता फोन लावायचाय कुणाला?

आधी केबल. थेट जोडणीला नल मोडेम केबल लागते, २ आणि ३ नंबरच्या पिनांची अदलाबदल केलेली. मला दुकानातून सरळ केबल मिळाली आणि अख्खा रविवार मी बिचाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. पिना मीटरने तपासा. मग दोन्हीकडे वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी (चुका पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट.

टेलिक्स-प्रोकॉममध्ये टर्मिनलचा प्रकार म्हणून एएनएसआय निवडलेलं असेल तर बदला, ते बीबीएससाठी (मोडेमने फोन लावून वापरायचे जुने सूचनाफलक). व्हीटी१०० किंवा व्हीटी१०२ (डेक कंपनीची जुनी टर्मिनलं) घ्या, लिनक्सलाही तेच सांगा आणि तिथून व्हीटीटेस्ट हा टर्मिनलची नक्कल तपासणारा प्रोग्रॅम चालवा. पहिल्याच चाचणीत तारका आणि अधिकच्या चिन्हांची चौकट येते. तिचे काठ नीट बघा. १९७८ च्या खऱ्या व्हीटी१०० वर ८० व्या रकान्यात अक्षर पडलं की कर्सर तिथेच थांबतो, पुढचं अक्षर आल्यावरच खाली उतरतो. डॉसचा एएनएसआय ड्रायव्हर लगेच खाली उडी मारतो. अशी उडी मारणाऱ्या प्रोग्रॅमवर उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षर छापलं की अख्खा पडदा एक ओळ वर सरकतो आणि एडिटरचा पार विचका होतो. दुप्पट उंचीच्या अक्षरांची चाचणी मात्र सोडून द्या. पीसीच्या टेक्स्ट मोडला ती जमत नाहीत, त्यात प्रोग्रॅमचा दोष नाही.

ओळींचा घोळही इथेच निस्तरा. व्हीटी१०० च्या २४, पीसीच्या २५. शेवटची ओळ स्टेटस लाइनला जाते. ती बंद केलीत तर लिनक्सला २५ सांगायला विसरू नका.

आता वेग. ९६०० ला सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं येतात आणि सिरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपमध्ये आलेलं एकच अक्षर मावतं. १ ते ५००० आकडे ओळीने छापायला लावा, आलेलं सगळं फाइलमध्ये साठवा आणि मधले आकडे गळलेत का पाहा. गळत असतील तर एक्सऑन-एक्सऑफ (समोरच्याला 'थांब' आणि 'चालू दे' सांगणारे इशारे) चालू करा, तरीही गळले तर वेग उतरवा.

फाइली आणायला टेलिक्स सोयीचा, त्यात झेडमोडेम ही फाइल पाठवायची पद्धत आहे. कर्मिट सुरुवातीला रडतखडत चालतो, कारण त्याची मूळ पाकिटं (एका वेळी पाठवायचे तुकडे) शंभर अक्षरांचीही नसतात. पाकीट १००० चं केलं की सुधारतो. पण एफ१ ते एफ४ वर व्हीटीच्या पीएफ कळा (तिच्या कीपॅडवरच्या खास कळा) आणि हवी ती कळ बदलायची मुभा, यासाठी माझ्या बूट फ्लॉपीवर कर्मिटच आहे. टेलिक्स दुसऱ्या ड्राइव्हमध्ये.

कर्मिटच्या टर्मिनलमधून बाहेर यायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबायचा, मग सी. मी हे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.