अलिबागला मोठं घर घेताय? या चुका टाळा

चार खोल्या, पडवी, विहीर, नारळाची वाडी, समुद्र चालत पाच मिनिटांवर. अशी जाहिरात वाचून ठाणे-नेरूळची कुटुंबं शनिवारी पेण-वडखळ मार्गे निघतात आणि संध्याकाळी टोकन देऊन परततात. बहुतेक चुका त्या एका दिवसात होतात.

घर उभं आहे म्हणजे जमीन बिनशेती आहे, असं धरू नका. वाडीतली जुनी घरं बरेचदा शेतजमिनीवरच असतात, आणि शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय ती घेता येत नाही. घरपट्टीची पावती दाखवून कोणी "सगळं क्लिअर आहे" म्हणालं तरी थांबा, ती मालकीचा पुरावा नाही. सातबारा मागवा, घर गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा: बँकेचा बोजा, कूळ, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं तिथेच सापडतात. जुने फेरफार काढून वारसनोंदी जुळवा. एक सही राहिली तरी व्यवहार पुढे वादात अडकतो. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"वर एक मजला चढवू" हा बेत आधी सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नकाशावर तपासा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर, दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती होते, पण जोतं आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. नगरपालिका हद्दीतले नियम वेगळे आहेत.

आता बांधकाम. नुकताच रंग दिलेला स्लॅब दिसला की जास्त बारकाईने पाहा. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. बाल्कनीचा तळ, छज्जे आणि बाथरूमखालचा स्लॅब हातोडीने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा सळईच्या रेषेत लांब चीर दिसली, तर नुसतं प्लास्टर पुरणार नाही. सैल काँक्रीट काढून सळई साफ करावी लागते, फार झिजली असेल तर जोड सळई टाकावी लागते. किनाऱ्यावर सळईवर किमान ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं. जुन्या घरांत ते बरेचदा कमी असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कव्हर आणि क्लोराइडची तपासणी करून घ्या, आणि दुरुस्तीचा अंदाज हातात घेऊनच भाव बोला.

कौलारू छप्पर असेल तर वासे, रिपा आणि कौलांची बांधणी पाहा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली असंख्य छपरं उडवली.

विहिरीचं पाणी डिसेंबरात चाखून काही कळत नाही. मेअखेरीस पातळी खाली जाते, मोटर जोरात चालते आणि खारं पाणी आत ओढलं जातं. पिण्यासाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. विहीर आणि शोषखड्डा यांत ५०-६० फूट अंतर आहे ना, तेही टेपने मोजा.

टोकन देऊन बसला असाल तर लगेच लेखी विसारपावती करा. "टायटल निर्वेध नसल्यास किंवा सीआरझेडची अडचण निघाल्यास पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत" ही अट त्यात हवीच. पैसे बँकेतूनच द्या. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस (इथे आयकराची आगाऊ कपात) कापून भरण्याची जबाबदारी तुमची आहे, विकणाऱ्याची नाही.