जमिनीखाली वाढलं म्हणजे मूळ नव्हे! वनस्पतींचे भाग ओळखताना या चुका टाळा

मुळा, गाजर, बटाटा, आलं, कांदा असे सगळे एकाच पानावर चिकटवून वर ‘मुळे’ असं शीर्षक दिलेल्या प्रकल्पवह्या खूप दिसतात. त्यातली मुळा आणि गाजर ही खरी मुळं, बाकीची तिन्ही नाहीत. भाग कुठे वाढतो हे बघितलं की फसगत होते. बघायचं ते पेर (म्हणजे खोडावरचा सांधा) आणि डोळा (म्हणजे कोंब फुटायची जागा). खोडाला पेरं असतात, पेरापाशी पान येतं आणि पानाच्या बगलेत डोळा असतो. मुळाला यातलं काही नसतं. माझ्या मते हा धडा चित्रांवरून शिकवूच नये. घरातली भाजीची टोपली मुलांसमोर ठेवावी.

बटाटा नीट बघा. खळग्यात डोळा आणि त्याच्या कडेला भुवईसारखी बारीक रेघ दिसते, ती तिथल्या खवल्यासारख्या पानाची खूण. म्हणजे हे खोड, म्हणूनच डोळा असलेली फोड लावली की रोप उगवतं. (उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा मात्र खाऊ नका, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं.) आल्या-हळदीच्या गड्ड्यावरही पेरांची वळी आणि डोळे स्पष्ट दिसतात.

रताळं हे मूळ आहे. बटाट्यासारख्या त्याच्या फोडी करून कुंडीत पुरल्या तर बहुतेक वेळा त्या कुजतात. अख्ख्या रताळ्याला कोंब फुटतात, ते वाढवायचे आणि त्या वेलाचे पेरं असलेले तुकडे लावायचे. शेतातही लागवड वेलाचीच होते.

कांदा उभा चिरा. तळाशी जिथून मुळ्या फुटतात, ती टणक चकती म्हणजे खोड. चिरताना तीच आपण टाकून देतो! खातो ते पानांचे मांसल तळ.

आता केळ. उंची बघून तिला वृक्ष म्हणू नका. तिच्यात लाकूड नसतं. उभं दिसणारं ‘खोड’ म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे तळ, खरं खोड जमिनीतला कंद. फुलोऱ्याचा दांडा कंदातून निघून मधल्या पोकळीतून वर येतो. एकदा घड दिलेलं खोड पुन्हा फळत नाही. परसातली केळ पुन्हा फळेल म्हणून वाट बघू नका, शेजारचा जोमदार मुनवा (कंदातून फुटलेलं पिल्लू) वाढू द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ भुईमुगाचा. शेंग मातीत मिळते, पण ती फळ आहे. पिवळं फूल जमिनीवर येतं, फलन झालं की आरी (फुलाच्या तळातून निघणारा सुईसारखा दांडा) खाली वळून मातीत घुसते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. म्हणून आऱ्या सुटायच्या सुमारास माती भुसभुशीत हवी आणि रोपांना भर द्यायला, म्हणजे बुंध्याशी माती चढवायला हवी. मुळं वेगळीच असतात. त्यांच्यावरच्या बारीक गाठी बघून रोग समजू नका, त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. शंका असेल तर नखाने गाठ काढून बघा. ती सहज सुटून आली आणि आत गुलाबी-लालसर दिसली, तर तिचं काम चालू आहे. सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याची) गाठ अशी सुटत नाही, कारण तिथे मूळच फुगलेलं असतं.